खाट सरकारची, लेकरू कोणाचं?

दसरा झाला की बालाघाटाच्या रांगेतली गावं ओसरायला लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी ट्रकात, ट्रॅक्टरात संसार भरतात आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे, नाहीतर सरळ कर्नाटकात ऊसतोडणीला निघतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळा-कॉलेजातली लेकरं. त्या लेकरांनी पाच-सहा महिने कुठं राहायचं, हा बीड जिल्ह्याचा जुनाच प्रश्न. त्याला उत्तरंही बरीच देऊन झाली. कारखान्याच्या आवारातल्या साखरशाळा झाल्या, गावातली हंगामी वसतिगृहं झाली, स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या हाती शिक्षण हमी कार्ड देऊन झालं, सामाजिक संस्थांचे निवासी प्रकल्प उभे राहिले. सरकारचं अलीकडचं उत्तर म्हणजे संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना. जून 2021 मध्ये मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, निम्मी मुलांची, निम्मी मुलींची, प्रत्येकात 100 जणांची सोय. बीडचे सगळे अकरा तालुके त्यात आले. इमारती अजून बऱ्याच ठिकाणी भाड्याच्याच आहेत.

या विषयावर एकाच बाजूनं लिहिणं मला जमेना, म्हणून दोघांना समोरासमोर बसवलं आहे. नावं दिलेली नाहीत. अशी दोघं जिल्ह्यात कुठंही भेटतील. एक निवृत्त मुख्याध्यापक, जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालवलेले. दुसरी त्यांचीच विद्यार्थिनी, त्याच हंगामी वसतिगृहात जेवून शिकलेली आणि आज तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल. तिच्याकडच्या मुली अकरावीपासून पदवीपर्यंतच्या. गुरुजी तिला अजून अगं-तुगं करतात. मुलींच्या तोंडी ती ‘मॅडम’ आहे, म्हणून मीही तेच ठेवलं.

गुरुजी : राग मानू नकोस, पण तुझ्या वसतिगृहाला मी धर्मशाळाच म्हणतो. शंभर खाटा, शंभर गाद्या, शंभर कपाटं. तपासणीला साहेब आला की मोजून जातो. लेकरू रात्री उठून रडलं तर ते कुठल्या रजिस्टरात चढतं?

मॅडम : तुमच्या हंगामी वसतिगृहाच्या रजिस्टरात तरी कुठं चढत होतं, गुरुजी? सकाळी आम्ही शाळेत जेवायचो, संध्याकाळी जेवायचो, आणि झोपायला आजीकडं. नाव वसतिगृह, पण वस्तीला तिथं कोणीच नाही. रात्र तुमच्या हिशोबात नव्हतीच.

गुरुजी : नव्हती, आणि त्यातच शहाणपण होतं. सर्व शिक्षा अभियानाचा पैसा यायचा उशिरा, कधी हंगाम अर्धा सरल्यावर. किराणावाला उधारी द्यायचा, शाळा व्यवस्थापन समितीतली माणसं शब्द टाकायची, गावातलीच बाई भाकरी थापायची. पण लेकरू आपल्या दारात, आपल्या गल्लीत निजायचं. कूस त्याच्या आजीची. शासनानं जेवण द्यावं, माया देऊ नये; त्याला ती जमत नाही.

मॅडम : आजीची माया म्हणताय, तर सांगते. मी सहावीत होते. भाऊ दुसरीत. आजीला रात्री दिसायचं नाही. भावाची अंघोळ मी घालायची, शेळीला पाला मी आणायचा, आजीच्या गुडघ्याला तेल मी लावायचं. पहाटे हापशावर नंबर मी लावायचा. आता सांगा, आजी मला सांभाळत होती का मी आजीला?

गुरुजी : त्यातनंच तू घडलीस.

मॅडम : घडले. पण माझं गणित कच्चं का, असं तुम्ही सातवीत विचारलं होतं. त्याचं उत्तर हेच होतं.

गुरुजींचा पक्ष भाबडा नाही. गावातच मुलं ठेवण्यामागं अनुभव आहे. नव्वदच्या दशकापासून औरंगाबादच्या जनार्थ संस्थेनं कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. मुलं आईबापाजवळ राहायची, शिक्षक तिथंच. पण टोळी एका जागी टिकत नाही. एक फड संपला की कोप, म्हणजे झोपडी, उचलून दुसऱ्या गावाला. शिवाय कोपीवर गेलेलं मूल नुसतं मूल राहत नाही. ते उसाचं वाढं गोळा करतं, धाकटं भावंड धरतं, बैल असतील तर ते बघतं. बारा-तेरा वर्षांचं झालं की हातात कोयता. त्यामुळं मूल फडावर न नेणं हाच पहिला विजय, हे गुरुजींच्या पिढीनं ठरवलं. तिथवर दोघांचं एकमत आहे. फाटा फुटतो तो मुलगी मोठी झाल्यावर.

मॅडम : दहावीपर्यंत तुमची आजी चालेल, असं धरू. पुढं? तरणी पोर म्हाताऱ्या सासूपाशी टाकून सहा महिने परमुलखात जायचं, तर आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. बाप म्हणतो, उजवून टाकू. त्यात मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको म्हणजे एक कोयता. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात. पोराचं लग्न लावलं की अर्ध्याचा पूर्ण होतो, उचल वाढते. आपल्या जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांत चाळीसहून जास्त अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या, 2019 ते 21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत. त्यांच्या आज्या काय वाईट होत्या?

गुरुजी : वाईट कोणीच नव्हतं. म्हणून तर म्हणतो, दुखणं पायाला आणि तू पट्टी बांधतेस डोक्याला. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर चौतीस टक्के वाढवला तेव्हा तो टनाला 366 रुपयांवर आला. दोघांनी राबायचं, पहाटेपासून. आणि ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ काढलं, गोपीनाथराव मुंडेंच्या नावाचं, त्यात कारखान्याकडून टनामागं 10 रुपये आणि तेवढेच सरकारचे. त्या दहा-दहा रुपयांतून तुझ्या खाटा. मजुरी नीट दिली असती, गावात पाणी दिलं असतं, तर माणूस घर सोडून गेला असता का? वसतिगृह म्हणजे स्थलांतराला दिलेली मान्यता आहे. तुम्ही जा खुशाल, लेकरं आम्ही गोदामात ठेवतो.

मॅडम : गोदाम म्हणू नका.

गुरुजी : बरं, नाही म्हणत.

मॅडम : मजुरी वाढावी, पाणी यावं, सगळं व्हावं. पण माझ्याकडं जी पोरगी यंदा बारावीला आहे तिला यंदाच्या नोव्हेंबरात झोपायला जागा पाहिजे. बालाघाटावर पाणी यायला लागेल तेवढे दिवस तिचं वय थांबत नाही.

गुरुजी : मग पैसे द्या तिच्या हातात. स्वाधार योजना आहेच ना. वसतिगृहात नंबर लागला नाही की समाजकल्याण विभाग खात्यावर पैसे टाकतो. मुंबई-पुण्याला वर्षाला साठ हजार, दुसऱ्या महापालिकांच्या शहरांत एक्कावन्न, जिल्ह्याच्या ठिकाणी त्रेचाळीस. अनुसूचित जातीच्या लेकरांसाठी सुरू झाली, तशाच पुढं इतरांसाठी निघाल्या. पोरं मोठी झालीत, खोली बघतील, डबा लावतील, हिशोब शिकतील. मध्ये ठेकेदार नको, मेस नको, भाजीत पाणी नको.

मॅडम : लातूरला जाऊन बघा एकदा. अंबाजोगाईला बघा. एका खोलीत चार खाटा टाकायच्या, कॉट बेसिस म्हणायचं आणि खाटेचं भाडं घ्यायचं. घरमालक खाली राहतो, त्याला भाडं कळतं, लेकरू कळत नाही. नीटची तयारी करणारं पोरगं आठवडाभर ताप अंगावर काढतं आणि शेजारच्या खाटेवरच्याला पत्ता नसतो, कारण त्याची बॅच दुसरी. रक्कम येते तीही कधी वर्ष संपता संपता. तोवर भाडं कोण भरणार? मुकादम. म्हणजे पुन्हा उचल.

गुरुजी : आणि तुझ्याकडं अनुदान वेळेवर येतं?

मॅडम : नाही येत. पण माझ्याकडं उशीर झाला तर उपाशी राहायची वेळ ठेकेदारावर येते, पोरीवर नाही. आदिवासी वसतिगृहांत मेस बंद करून पैसे खात्यावर टाकायला सुरुवात झाली होती, आठवतं? 2018च्या जुलैत पोरं पुण्याहून नाशिकला पायी निघाली. मागणी काय, तर खात्यावरचे पैसे ठेवा तुमच्यापाशी, आम्हाला ताट द्या. रोख रकमेत गावाकडच्या घराचा हिस्सा निघतो, गुरुजी. बापानं फोन करून दोन हजार मागितले तर पोरगं नाही म्हणेल का? ताटातली पोळी मात्र गावाकडं पाठवता येत नाही.

पैसा की खाट, या वादात मॅडमचं पारडं मला जड वाटतं, निदान मुलींच्या बाबतीत. पैसा घराचा होतो, खाट तिच्याच नावावर राहते. पण गुरुजींचा खरा मुद्दा पैशाचा नाहीच. त्यांना म्हणायचं आहे ते इतिहासातून येतं, आणि महाराष्ट्राला या बाबतीत दांडगा इतिहास आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मागोमाग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 साली काढलं त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, ते कोणाला परवडणार? 1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं आणि त्याच्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतून आलेली पोरं राहिली, तेव्हा कुठं दार किलकिलं झालं.

गुरुजी : भाऊरावांचं बोर्डिंग कशानं चाललं, सांग? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्र दिलं पोरांच्या धान्यासाठी. त्या जात मानणाऱ्या घरातल्या होत्या, पण सगळ्या जातींची पोरं पोटाशी धरली. आपल्या जिल्ह्यातलंच घे. आर्वीला शांतिवन आहे, दीपक आणि कावेरी नागरगोजेंचं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं, शेतकरी आत्महत्येच्या घरातली लेकरं. नवरा-बायको दोघं त्यात उतरले. माणूस आत राहिला की वसतिगृहाचं घर होतं. तुझ्या योजनेत तो माणूस कुठंय? गृहपालाची जागा रिकामी, एकाकडं दोन-दोन वसतिगृहांचा कारभार, बाकी सगळे बाहेरच्या एजन्सीचे. अकरा महिन्यांचा करार. लेकराला जिची सवय होते ती बाई पुढच्या जूनला नसते.

मॅडम : हे खरंय. जागांचं बोललात ते शंभर टक्के खरंय. पण लक्ष्मीबाईंचं नाव घेतलंत म्हणून विचारते. 82 वसतिगृहांना 82 मंगळसूत्रं कुठनं आणायची?

गुरुजी : तसं नाही म्हणत मी.

मॅडम : तसंच म्हणता सगळे. सत्काराला बोलावतात तेव्हा भाषणात हेच असतं, मॅडम म्हणजे या मुलींची आई. आई म्हटलं की रजा नाही, रात्रपाळी मोजायची नाही, पगार तीन महिने तुंबला तरी आई कुठं पगार मागते? मला आई व्हायचं नाही गुरुजी. मला रात्रीची एक आणि दिवसाची एक अशा दोन बायका पाहिजेत, कायम नोकरीवरच्या, आणि आठवड्याला एकदा येणारी नर्स. लक्ष्मीबाईंनी जे केलं ते शासन निर्णयात लिहिता येत नाही. नर्स लिहिता येते.

गुरुजी : नर्स लिहून येईल. पण पोरीची पाळी चुकली तर ती नर्सला सांगेल का? ज्या बाईवर जीव बसलाय तिलाच सांगेल.

मॅडम : बसतो ना जीव. बाई तिथं तीन वर्षं टिकली तर बसतो. त्यासाठी तिला त्यागमूर्ती करायची गरज नाही, तिचा पगार करा.

इथं गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले असते, असं मला वाटतं. पण ते हरले म्हणून नव्हे. त्यांच्याकडं अजून एक बाण होता, आणि तो म्हातारा माणूस मारेल अशी अपेक्षा नसते.

गुरुजी : मग हे सांग. तुझ्या गेटला कुलूप किती वाजता लागतं?

मॅडम : सात.

गुरुजी : आणि पलीकडच्या पोरांच्या वसतिगृहाला?

मॅडम : ...दहा. कागदावर दहा.

गुरुजी : पदवीच्या शेवटच्या वर्षाची पोर, एकवीस वर्षांची, मतदान केलेली. कॉलेजची अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी, आणि ती सातला आत. तेवढ्या वेळात पोरगं रोज दोन तास जास्त वाचतं. वर्षाचे किती झाले? फोन रात्री जमा. रविवारी बाहेर जायचं तर वहीत कारण. तुम्ही याला देखभाल म्हणता. मी पहारा म्हणतो. गावात मी पोरींना अभ्यासाला शाळेत रात्री बसवायचो आणि कंदील धरून घरी सोडायचो.

मॅडम : एका पोरीनं मला मोबाईलवर दाखवलं होतं, दिल्लीच्या मुलींनी 2015 साली पिंजरा तोड नावाची चळवळ केली, वसतिगृहांच्या याच वेळांविरुद्ध. म्हणाली, मॅडम, आपण पण करायचं का? मी म्हटलं, कर. पण आधी तुझ्या बापाला विचारून ये.

गुरुजी : म्हणजे टाळलंस.

मॅडम : टाळलं नाही, सौदा सांगितला. प्रवेशाला बाप येतो तेव्हा खोली बघत नाही, पंखा बघत नाही. आधी भिंत बघतो किती उंच आहे, मग गेट बघतो, मग विचारतो, कुलूप कोण लावतं? त्या कुलपाकडं बघून पोरगी माझ्याकडं ठेवतात. उद्या मी गेट दहापर्यंत उघडं ठेवलं तर वीस पोरी दिवाळीनंतर परत येणार नाहीत, आणि त्यातल्या दहांच्या हातावर उन्हाळ्यात मेंदी असेल. कुलूप मला आवडत नाही. पण ते त्यांच्या शिक्षणाची फी आहे, पैशात न भरायची.

गुरुजी : फी कमी करता येते का, बघितलंस का?

मॅडम : बघितलं. फोनचं बदललं. आधी नऊला फोन जमा करायचे. मग लक्षात आलं, आईचा फोन यायची वेळ कोणती? तोडणीवाली बाई पहाटे चारला उठते, दिवसभर फडात, कोपीवर येऊन भाकरी, मग गाडी भरायला. गाडी रात्री अकराला लागू दे नाहीतर एकला, ती आली की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवर चढायचं. गाडीची वाट बघत बांधावर बसलेली असते तेव्हा तिला लेकीची आठवण येते, आणि तेव्हाच नवऱ्याचा फोन मोकळा असतो. तेव्हा आमच्या पोरींचे फोन माझ्या कपाटात, बंद. नियम चांगल्या हेतूनं केला होता, पण तो नोकरदार आईबापांच्या घड्याळावर केला होता. आता एक साधा फोन रात्रभर पहारेकरी ताईंपाशी चालू असतो. अकरा-साडेअकराला ताई हाक मारतात, कोणाची तरी माय आहे. पोरी झोपेतनं उठून जिन्यात येऊन बसतात. तिकडनं आधी ट्रॅक्टरचा आवाज येतो, मग आई.

गुरुजी : हे चांगलं केलंस. हे परिपत्रकात आहे?

मॅडम : नाही. तपासणीत विचारलं तर कदाचित उत्तर द्यावं लागेल.

तक्रारपेटीचंही असंच असतं, हेतू चांगला, मांडणी चुकलेली. बहुतेक वसतिगृहांत दारापाशी एक पत्र्याची पेटी लटकवलेली दिसते. गुरुजी म्हणतात, तिच्यात चिठ्ठी किती पडतात ते विचारू नका, किल्ली कोणापाशी असते ते विचारा. किल्ली गृहपालाच्या जुडग्यात असली तर ज्याच्याबद्दल तक्रार तोच पोस्टमन. मॅडमनी यावर वाद घातला नाही. त्यांच्या मते किल्ली कॉलेजच्या प्राध्यापक बाईंकडं असावी, आणि पेटी नळापाशी, जिथं दहा जणी येता-जाता थांबतात, कोण काय टाकतं ते कळत नाही. एवढ्या क्षुल्लक गोष्टींवर या दोघांचं पटकन जमतं. मोठ्या गोष्टींवर जमत नाही, आणि त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे मुलगी कोणाच्या हवाली करायची.

मॅडम : फेब्रुवारीत एक मामा आला मोटारसायकलवर. अकरावीची पोरगी, सोळा वर्षांची. म्हणाला, आजी सिरियस आहे, तोंड बघायला नेतो. आईबाप कर्नाटकात. प्रवेशाच्या फॉर्मवर फोटो आईबापाचे, मामाचा नाही. आईचा फोन बंद. मी मामाला चहा दिला, बसवलं आणि गावात अंगणवाडीच्या ताईंना फोन लावला. आजी ओट्यावर बसून लसूण सोलत होती.

गुरुजी : म्हणून तू पोर दिली नाहीस.

मॅडम : दिली नाही. ग्रामसेवकाला कळवलं. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी गावात तेच असतात, अंगणवाडीची बाई त्यांची सहायक. 1098चा नंबर भिंतीवर मी लावलाच आहे. मामा गेटवर ओरडला, माझ्या भाचीला कोंडून ठेवणारी तू कोण? पुढं काही सिद्ध झालं नाही. कदाचित तो खरंच साध्या कामाला नेत असेल.

गुरुजी : तिथंच मला भीती वाटते. पुढच्या वेळी आजी खरंच सिरियस असली तर? लसणाऐवजी कफन निघालं तर? फॉर्मवर फोटो नाही म्हणून तू सोडणार नाहीस, आणि ती पोर जन्मभर म्हणेल, मॅडमनं मला जाऊ दिलं नाही. घरच्या माणसाला घरच्या माणसाचा अंदाज असतो. तुला फोटो जुळवावे लागतात.

मॅडम : हो, जुळवावे लागतात. शंभर पोरींच्या शंभर मामांचा अंदाज मला कुठनं असणार? म्हणून आता प्रवेशाच्या वेळीच आईला विचारते, बापाला बाजूला पाठवून: तुम्ही फडावर असताना पोरीला न्यायला कोण आलं तर द्यायचं? आया बरोबर सांगतात. एकीनं सख्ख्या दिराचं नाव खोडायला लावलं. कारण विचारलं नाही मी.

गुरुजी : हे रजिस्टर मात्र मला आवडलं.

मॅडम : तुम्हीच नको म्हणालात ना रजिस्टर.

गुरुजी : खाटांचं नको म्हणालो. बरं, मला एक सांग, दिवाळीला काय करतेस?

दिवाळीचा प्रश्न बाहेरच्या माणसाला कळायला वेळ लागतो. शाळा-कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली की वसतिगृहाला कुलूप लागतं, मेस बंद होते, सफाई होते, आणि मुलींना घरी पाठवतात. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात घराला कुलूप लागत असतं, कारण टोळ्या निघालेल्या असतात. आईबाप गेलेले, आजी थोरल्या चुलत्याकडं, आणि हातात पिशवी घेऊन पोरगी बसस्थानकात. तसंच मे महिन्याचं. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, आईबाप गावी येतात, वसतिगृह बंद असतं, हातात हंगामाचा हिशोब असतो किंवा डोक्यावर फिटायची राहिलेली उचल असते, आणि लग्नाच्या तिथी असतात. वर्षाचे दहा महिने सांभाळायचं आणि ज्या दोन वेळांना धोका, त्याच वेळी दार लावायचं. कोणी मुद्दाम असं केलेलं नाही. शाळेचं वेळापत्रक तसंच्या तसं वसतिगृहाला चिकटवलं एवढंच.

मॅडम : गेल्या दिवाळीला अकरा पोरी जाईनात. जायचं कुठं? मेस बंद. मी माझ्या क्वार्टरमध्ये गॅस लावला. चकल्या केल्या त्यांनी, फार छान नव्हत्या. पण हे मी केलं म्हणून चाललं, आणि मघाशी मीच म्हणाले की असं चालायला नको.

गुरुजी : मग गावात पाठव त्यांना. शाळेच्या खोल्या सुट्टीत मोकळ्याच असतात. समितीला मी सांगतो, किराणा करू. हंगामी वसतिगृहाची भांडी अजून आहेत. ज्या-त्या गावातल्या पोरी ज्या-त्या शाळेत पंधरा दिवस, आणि मे महिन्यात महिनाभर. सरकारची एकही नवी इमारत नको.

मॅडम : जेवण झालं. रात्रीचं काय?

गुरुजी : मी थांबतो.

मॅडम : तुम्ही पुरुष माणूस. मुलींच्या निवासाला नियमात बसत नाही. आणि बसवूही नये.

गुरुजी : मग आमच्या घरच्यांना घेऊन येतो. तसंही ती घरी एकटीच असते, आणि पोरींना तिच्या हातचं आवडायचं. तुलाही आवडायचं.

मॅडम : आवडायचं. काकू आल्या तर एक पोरगी नाही म्हणणार नाही. पण गुरुजी, पंधरा दिवस रात्रीच्या थांबायच्या म्हणजे काकूंना रोज किती लावायचा, ते आधी समितीच्या ठरावात लिहून आणा.